बोअरचे जड पाणी, कोरडा उन्हाळा आणि वर्षाची साठवण: आपल्या भागात खरोखर उपयोगी पडणाऱ्या घरगुती युक्त्या कोणत्या?

मांजराकाठ (लातूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. घरगुती युक्त्यांचे संदेश आणि चित्रफिती रोज येतात, परंतु त्यांतील पुष्कळ युक्त्या आमच्या घरात चालत नाहीत. युक्ती खोटी असते असे नाही. ती सांगणाऱ्याच्या घरचे पाणी आणि हवा वेगळी असते, असा माझा समज झाला आहे. आमच्याकडे वापराचे पाणी बोअरचे, नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येणारे, उन्हाळा कडक आणि कोरडा, आणि तूर, ज्वारी, हरभरा, मूग हे सारे वर्षासाठी एकदाच भरून ठेवण्याची पद्धत. अशा घराला धरून सांगितलेल्या युक्त्या फारशा वाचायला मिळत नाहीत.

माझ्या अडचणी अशा आहेत. तूरडाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी वरण एकजीव होत नाही. नळाच्या तोंडावर, कुकरच्या आत आणि कूलरच्या पडद्यांवर पांढरा थर बसतो. न्हाणीघरातील शहाबादी फरशीवरही तसेच डाग आहेत आणि ते ॲसिडने काढावेत असे एका दुकानदाराने सुचवले आहे. शेतावरून आलेल्या अख्ख्या तुरीला आणि मुगाला भुंगे लागतात. त्यावर कोणी बोरिक पावडर लावायला सांगते, तर कोणी कोठीत गोळ्या ठेवायला सांगते. आपल्या अनुभवातील उपाय कृपया कारणासह सांगावेत, कारण ‘का’ हे कळल्याशिवाय तो उपाय आपल्या घरी लागू आहे की नाही हे ठरवता येत नाही.

दुधनाकाठ (परभणी) यांचे उत्तर

ताई, आपल्या पहिल्या तीन अडचणींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे म्हटले आहे. आपल्याकडे पाणी खाली जाते तसतसा उन्हाळ्यात बोअरचा हा आकडा वाढत जातो, त्यामुळे दिवाळीत सहज शिजणारी डाळ तेच भांडे आणि तोच गॅस असूनही मे महिन्यात शिजत नाही.

डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. शिजताना तो विरघळतो आणि डाळ फुटते; परंतु पाण्यात कॅल्शियम असेल तर ते पेक्टिनशी बांधले जाते आणि न विरघळणारे संयुग तयार होते. मग शिट्ट्या वाढवून दाणा गरम होतो, उकलत नाही. यावर सर्वांत सोपा उपाय असा, की डाळीपुरते पाणी आधी चांगले उकळावे, झाकून निवू द्यावे आणि तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचे पाणी ओतून घ्यावे. उकळल्याने बायकार्बोनेटच्या रूपातील क्षार चुन्याच्या गाळासारखे खाली बसतात. मात्र क्षार सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपात असतील तर उकळून काहीही होत नाही. आपले पाणी कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: उकळलेल्या पाण्याच्या पातेल्याला पांढरी पुटे धरत असतील तर हा उपाय लागू पडेल, पुटे न धरताही डाळ शिजत नसेल तर पडणार नाही. तसे असल्यास डाळ भिजवायला आणि शिजवायला, एवढ्या दोनच कामांना, फिल्टरचे किंवा जारचे पाणी वापरावे. संपूर्ण स्वयंपाक त्या पाण्यात करण्याची गरज नाही.

डाळ भिजवताना पाण्यात चमचाभर मीठ घालावे, ही युक्ती मला फार उपयोगी वाटते आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. मिठातील सोडियम दाण्यातील कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. हरभरा आणि राजमा यांच्या बाबतीत हा फरक अधिक जाणवतो. भिजवलेले पाणी फेकून द्यावे. चिंच, आमसूल, टोमॅटो यांपैकी काहीही डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावे, कारण आंबटपणाही पेक्टिनला विरघळू देत नाही. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्याने डाळ लवकर फुटते हे खरे, परंतु त्याने ब१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चवही साबणासारखी होते, म्हणून तो रोजचा उपाय नव्हे.

एक शक्यता तपासून पाहा. तीच डाळ एकदा जारच्या पाण्यात शिजवा. तीही शिजली नाही, तर दोष पाण्याचा नसून डाळीचा आहे. उष्ण आणि दमट जागी फार दिवस राहिलेली डाळ आतून कठीण होते आणि मग ती कोणत्याच पाण्यात नीट उकलत नाही.

आता पांढऱ्या थराविषयी. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो आम्लात विरघळतो. लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, दोन चमचे घेऊन तांब्याभर कोमट पाण्यात विरघळवावे, त्यात फडके भिजवून नळाच्या तोंडाला गुंडाळावे आणि अर्ध्या तासाने घासून धुवावे. रात्रभर ठेवू नये, चकाकीचा मुलामा उतरतो. कुकरमध्ये तळाच्या पाण्यात पिळून उरलेली लिंबाची फोड टाकली, की आतला भाग काळाही पडत नाही आणि थरही धरत नाही. गीझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवावे. ६० च्या पुढे क्षार झपाट्याने बसतात आणि गीझरमधील तापणारी कांडी लवकर जळते.

शहाबादी फरशीबाबत मात्र कळकळीने सांगतो की दुकानदाराचा सल्ला मानू नका. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड आहे. आपल्या फरशीवरचा डाग कॅल्शियम कार्बोनेटचा आणि फरशीही कॅल्शियम कार्बोनेटचीच, तेव्हा डाग विरघळवणारी कोणतीही वस्तू, मग ती ॲसिड असो, व्हिनेगर असो वा लिंबू, फरशीही विरघळवणारच. एक थेंब टाकून पाहिल्यास फेस येताना दिसेल. तो फेस डागातून येतो तसाच दगडातूनही येतो. अशा फरशीवरील थर प्लॅस्टिकच्या खरवडणीने आणि साबणाच्या पाण्याने काढावा, आणि पुढे थर धरू नये म्हणून आंघोळीनंतर रबरी वायपरने पाणी ओढून टाकावे. सुकणारे पाणीच डाग सोडते. पाणी सुकू दिले नाही तर डागही पडत नाही.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. संडासात टाकण्याचे ॲसिड आणि टीसीएल पावडर किंवा ब्लीच हे एकत्र कधीही वापरू नये. त्यांतून क्लोरीन वायू निघतो आणि दार बंद असलेल्या छोट्या न्हाणीघरात तो घातक ठरू शकतो. दोन्ही जंतू मारतात म्हणून दोन्ही टाकले तर अधिक स्वच्छ होईल, हा समज मी पुष्कळ घरांत पाहिला आहे.

गोदाकाठ (नांदेड) यांचे उत्तर

सरांनी पाण्याचा भाग पूर्ण केला आहे, म्हणून मी धान्याविषयीच लिहिते.

प्रथम गोळ्यांचा विषय संपवू. कोठीत ठेवायला सांगितल्या जाणाऱ्या गोळ्या बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात, ज्यांना लोक सल्फास म्हणतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो आणि त्या विषावर उतारा नाही. हवाबंद गोदामात प्रशिक्षित माणसांनी वापरण्याची ती वस्तू आहे. माणसे झोपतात त्या घरात ती ठेवणे म्हणजे किड्यांबरोबर माणसांनाही धुरी देणे होय. पाऱ्याच्या टिकड्याही धान्यात ठेवू नयेत, कारण पाऱ्याची वाफ शरीरात साठत जाते. बोरिक पावडर झुरळांसाठी उत्तम आहे, कणीक आणि साखर यांच्यात मळून गोळ्या करून ओट्यामागे ठेवावी, लहान मुले आणि जनावरे यांच्या हाती लागू देऊ नये. परंतु खाण्याच्या धान्यात मिसळण्याची ती वस्तूच नव्हे. डाळ धुऊन घेतो म्हणून चालते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. धुण्याने सगळी जातेच याची खात्री कोण देणार?

आता कीड येते कुठून, हे पाहिले पाहिजे, कारण उपाय त्यावरच ठरतो. तूर, मूग, मटकी, चवळी यांचा भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालतो. ही अंडी दाण्याला चिकटलेली असतात, अळी दाण्यात शिरते, आतच वाढते आणि पूर्ण भुंगा गोल भोक पाडून बाहेर पडतो. म्हणजे स्वच्छ दिसणाऱ्या दाण्याबरोबर कीड घरात आलेलीच असते. वर ठेवलेला कडुलिंबाचा पाला बाहेरच्या किड्याला काही प्रमाणात दूर ठेवत असेल, परंतु आत बसलेल्या अळीला त्याने काही होत नाही. पाला ओलसर असेल तर उलट बुरशी येते, म्हणून टाकायचाच झाला तर सावलीत पूर्ण वाळवून टाकावा.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे वाळवणे. दाताखाली धरलेला दाणा कट्‌कन फुटला पाहिजे. दबला किंवा चपटा झाला तर तो अजून ओला आहे. त्यानंतर एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या ताडपत्रीवर धान्याचा पातळ थर पसरावा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा दगडांनी दाबाव्यात आणि काही तास तसेच ठेवावे. उघड्यावर पसरलेल्या धान्यापेक्षा हे धान्य खूपच अधिक तापते. ६० अंशांच्या आसपास तापमान गेले की अंडी, अळी, कोष आणि भुंगा या चारही अवस्था मरतात. उघड्या उन्हात मोठे किडे फक्त सावलीकडे पळून जातात, हा यातील मुख्य भेद आहे. बियाण्यासाठी राखलेल्या दाण्याला मात्र हा उपाय करू नये, उगवण कमी होते. आणि तापलेले धान्य तसेच कोठीत भरू नये. ते थंड झाल्यावर भरावे, नाहीतर झाकणाला आतून घाम सुटतो.

दुसरा उपाय आपल्या भागात जुनाच आहे, तो म्हणजे तूर अख्खी न ठेवता तिची डाळ करून ठेवणे. भुंग्याला अंडी घालायला अख्खा दाणा लागतो, भरडलेल्या डाळीत त्याची वाढ नीट होत नाही. अख्खे कडधान्य ठेवणे आवश्यकच असेल तर किलोला पाच ते दहा मिलिलिटर खाद्यतेल किंवा एरंडेल घेऊन तळहातांनी सर्व दाण्यांना चोळावे. तेलाच्या पातळ थराने अंड्याला हवा मिळत नाही आणि भुंग्याला दाण्यावर अंडे नीट चिकटवताही येत नाही. जुन्या बायका डाळीला एरंडेलाचा हात लावत, त्यामागे हेच कारण असणार.

थोड्या प्रमाणातील रवा, बेसन, काजू, मूगडाळ यांच्यासाठी फ्रीजचा वरचा बर्फाचा कप्पा चार दिवस वापरावा. त्या थंडीत अंडीसुद्धा मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नये; ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तशीच राहू द्यावी, नाहीतर गार पिठावर हवेतील ओलावा जमतो.

ज्वारीतील सोंडे मात्र दाण्याला भोक पाडून आत अंडी घालतात, त्यामुळे तेलाचा तेवढा उपयोग होत नाही. ज्वारीला वाळवण, काठोकाठ भरलेली कोठी आणि घट्ट झाकण हेच उपाय. अर्धी रिकामी कोठी म्हणजे किड्यांना अर्धी कोठी हवा. कोठी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये, खाली फळ्या घालाव्यात. गेल्या वर्षीचे तळातले पसाभर धान्य नव्यात मिसळण्याची सवय बहुतेक घरांत आहे आणि नव्या धान्याला कीड लागण्याचे तेच नेहमीचे कारण असते.

बालाघाट (अंबाजोगाई) यांचे उत्तर

वरील उत्तरांत राखेचा उल्लेख यायला हवा होता. आमच्या भागात कणगीतल्या कडधान्याला गोवऱ्यांची चाळलेली राख लावत असत. बारीक राखेने किड्याच्या अंगावरील मेणासारखा थर खरवडला जातो, त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते आणि तो वाळून मरतो. कोरड्या हवेत हा उपाय अधिक चांगला चालतो, म्हणून तो मराठवाड्यात टिकला असावा. राख पूर्ण थंड आणि कोरडी हवी.

मला मुख्यतः उन्हाळ्याविषयी लिहायचे आहे, कारण याच कोरड्या हवेचा सर्वाधिक उपयोग तेथे होतो. रांजणातील एक लिटर पाणी झिरपून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. ती सगळी आतल्या पाण्यातूनच गेली असती तर त्याने ५८ लिटर पाणी १० अंशांनी थंड झाले असते. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेरच्या हवेतून येते, तरीही रांजण गार का राहतो हे यावरून समजते. त्यामुळे रांजण कोंदट कोपऱ्यात ठेवू नये, दाराजवळ, वाऱ्याच्या झोतात पण सावलीत ठेवावा. खाली ओल्या वाळूचा थर आणि अंगाभोवती ओले गोणपाट असले की फरक स्पष्ट कळतो. रांजणाला साबण लावू नये, छिद्रे बुजतात. जड पाण्याने दोन उन्हाळ्यांत बाहेरून पांढरी पूड धरते आणि झिरपणे मंदावते. तेव्हा काथ्याने कोरडे घासून रांजण रिकामा करून उन्हात पूर्ण वाळवावा. तरीही झिरपत नसेल तर तो धान्यासाठी वापरावा आणि नवा घ्यावा. पावसाळ्यात रांजणाचे पाणी गार होत नाही, ही तक्रार रांजणाची नव्हे, दमट हवेची आहे.

कूलरचेही तत्त्व हेच असल्याने खोलीची सगळी दारे-खिडक्या लावून कूलर चालवणे चुकीचे आहे. कूलरने बाहेरची कोरडी हवा घेतली पाहिजे आणि समोरच्या बाजूने तेवढीच हवा बाहेर गेली पाहिजे, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि अंगाला चिकचिक सुटते. ताईंनी विचारलेल्या पडद्यांवरील पांढऱ्या थराचे कारण असे, की कूलरमधून उडते ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच उरतात आणि आपण वरून पुन्हा क्षारांचे पाणी ओततो. आठवडाभरात टाकीतील पाणी बोअरच्या पाण्याहून कितीतरी जड झालेले असते. म्हणून दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून पाणी संडासाला वापरावे आणि मग नवे पाणी भरावे. झाडांना ते पाणी घालू नये. टाकी भरताना किंवा आत हात घालताना केवळ बटण बंद करून भागत नाही, पिन सॉकेटमधून काढावी. लोखंडी कूलरला योग्य अर्थिंग नसल्याने दर उन्हाळ्यात माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो.

गच्चीविषयी माझे मत थोडे कडक आहे. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारावे, असे सर्रास सांगितले जाते. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील माणसाला हा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो, म्हणून ऊन शोषलेच जाणार नाही असे करावे. गच्ची स्वच्छ झाडून कळीच्या चुन्याचा, त्यात थोडा चिकट पदार्थ मिसळून, दोन हात पांढरा लेप मार्च सरण्यापूर्वी द्यावा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो. जुन्या माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असे, त्याला दुपारची उष्णता आत पोहोचायला रात्र व्हावी लागे आणि तोवर माणसे अंगणात बाजा टाकून झोपलेली असत. माळवद आता कोणी बांधणार नाही, पण चुन्याचा हात देणे कोणालाही परवडते.

खडकी_वेस (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

साठवलेल्या पाण्याविषयी कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. जायकवाडी जवळ असूनही आमच्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे ड्रम आणि टाक्या भरून ठेवणे सर्वांनाच भाग आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु तो अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो आणि ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने टिकतात, हे फारसे कोणी सांगत नाही. म्हणून ड्रम फक्त ओतून पालथा घातला, तरी पुढच्या भरणीला त्याच अंड्यांतून अळ्या निघतात. आठवड्यातून एकदा ड्रमची आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासणे हाच डासांविरुद्ध पाळायचा खरा ‘कोरडा दिवस’. कूलरच्या टाकीलाही हे लागू आहे. घासणे शक्य नसलेल्या मोठ्या टाकीच्या तोंडाला दुहेरी सुती कापड घट्ट बांधावे.

टँकरचे पाणी गढूळ असेल तर तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवून पाणी स्थिर ठेवावे, गाळ बसतो. मात्र तुरटीने जंतू मरत नाहीत, त्यामुळे पिण्यासाठी ते पाणी गाळून उकळलेच पाहिजे.

मोसंबी_बाग (जालना) यांचे उत्तर

दोन लहान गोष्टी सांगते.

ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. पीठ टाकून देऊ नये. पाण्याला चांगले आधण आणून त्यात थोडे पीठ वैरावे, झाकून वाफ मुरू द्यावी आणि कोमट झाल्यावर उरलेले कोरडे पीठ त्यात मळून घ्यावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्याने तिच्यातील पिठूळ अंश फुलतो आणि तोच भाकरीला धरून ठेवतो. पीठ पंधरा दिवसांपुरतेच दळून आणावे, हे त्याहून बरे.

हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो आणि कापड वाया गेले असे वाटून लोक त्यावर ब्लीच ओततात. साबणाच्या अल्कधर्मी (आम्लाच्या उलट) गुणाने हळदीचा रंग तात्पुरता लाल होतो, एवढेच. कापड धुऊन कडक उन्हात वाळत घालावे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, एक-दोन धुण्यांत तो स्वतःच उडतो. आपल्या भागात उन्हाची कमतरता नाही!

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे मनापासून आभार. डाळ आज उकळून निवळलेल्या पाण्यात शिजवली आणि वरण पुष्कळच बरे झाले. मिठाच्या पाण्यात भिजवण्याचा प्रयोग हरभऱ्यावर करणार आहे. फरशीला ॲसिड लावण्याचा विचार सोडून दिला.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या वहिनी कडधान्यावर वाळूचा थर देतात. ते योग्य आहे का? आणि गॅस सिलिंडर घेताना वजनाखेरीज काय पाहावे?

दुधनाकाठ (परभणी)

सिलिंडरविषयी मी लिहितो, वाळूचे उत्तर नांदेडच्या ताई देतील. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालील पट्टीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक लिहिलेले असतात. ते सिलिंडरच्या पुढील तपासणीची मुदत सांगतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन अंक वर्षाचे. समजा ‘बी २७’ असे लिहिलेले असेल, तर जून २०२७ पर्यंत तो सिलिंडर चालतो. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करण्याचा आपल्याला हक्क आहे. रिकाम्या सिलिंडरचे वजनही त्यावर लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवले की भरलेल्याचे वजन येते, आणि पोचवायला आलेल्या माणसाने काटा सोबत आणलेला असला पाहिजे.

गॅस किती उरला हे पाहायचे असल्यास सिलिंडरला बाहेरून ओले फडके फिरवावे. आत द्रवरूप गॅस जेथवर आहे तेथवरचा भाग थंड राहतो आणि तेथील ओल उशिरा सुकते, त्यामुळे थोड्याच वेळात सुक्या आणि ओल्या भागांमधील रेषा दिसते. गळतीचा संशय आल्यास साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत, काडी ओढू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो; तेव्हा रेग्युलेटर बंद करावा, दारे उघडावीत, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

गोदाकाठ (नांदेड)

आपल्या वहिनींची पद्धत योग्य आहे. मूग, मटकी, हरभरा यांसारख्या अख्ख्या कडधान्यावर वाळूचा थर दिला की बाहेरचा भुंगा दाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि आत निघालेल्या भुंग्यालाही वर येता येत नाही. वाळू नदीची, बारीक, आधी धुऊन मग कडक उन्हात पूर्ण वाळवलेली असावी. ओलसर वाळू घातल्यास सगळे भांडे बुरसटेल. दाण्याच्या आणि वाळूच्या मध्ये विरळ सुती कापड घालावे, म्हणजे धान्य काढताना कापडाची चारही टोके धरून वाळू एकत्र उचलता येते. डाळीवर मात्र वाळू घालू नये, डाळीच्या बारीक कण्यांत ती मिसळली तर निवडून काढता येत नाही. आणि धान्य काढल्यावर वाळूचा थर पुन्हा त्याच दिवशी घालावा. डबा उघडा राहिला तर एका रात्रीतही बाहेरचा भुंगा आत जाऊन अंडी घालू शकतो.